हलव्यावरचा काटा

काटा या शब्दाचा खरा अर्थ जगाला आमच्या घरामुळे कळला, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. पण एका हिवाळ्यात या दोन अक्षरांवरून आमच्या मांडवीच्या घरात जी रणधुमाळी झाली, ती तुम्ही पाहिलेली नाही. फणसाला काटा असतो, बांगड्याला असतो, घड्याळाला दोन असतात, तराजूला एक, आणि भुताच्या गोष्टीने अंगावर येतो तो निराळाच. एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण संक्रांतीच्या हलव्याचा दाणा बघा. खसखशीएवढ्या बीवर साखर चढत जाते आणि त्या साखरेवर, कुणी न कोरता, न ठोकता, न साच्यात घालता, बारीक बारीक टोकं उभी राहतात. त्यालाही काटाच म्हणायचं. का म्हणायचं, आणि तो मुळात येतो कुठून, हे शोधायला आम्ही शेगडी, परात, साखर आणि आई एवढं सगळं टेंपोत घालून डोंगर चढलो होतो. माझ्या नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, तू वाढवून सांगतेस." मी वाढवून सांगते हे खरं. पण डोंगर तेवढाच होता.

आमचं घर समुद्राच्या इतकं जवळ होतं की भरतीच्या लाटा दारावर टकटक करून विचारायच्या, आत येऊ का, आणि अण्णा ओटीवरून ओरडायचे, "आज नको, पाहुणे आहेत!" अण्णा म्हणजे माझे वडील. बंदरावर कारकून होते आणि आवाज भोंग्याचा. ते घरात "चहा" म्हणाले की भाट्याच्या खाडीतल्या होड्या बाजूला व्हायच्या. हवा इतकी दमट की भिंतीवरचं कॅलेंडर आम्ही महिन्यातून एकदा पिळून वाळत घालत असू. आगपेटीतली काडी ओढली तर पेटायची नाही, नुसती शिंकायची. तळलेला पापड कढईतून उचलला की ताटाकडे धावत सुटायचं, कारण वाटेत त्याची पोळी व्हायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि मेतकूट, दुपारी बांगड्याचं नाहीतर सुरमईचं कालवण, रात्री कुळथाचं पिठलं, आणि या सगळ्याच्या मागे चोवीस तास समुद्राची गाज. ती थांबली असती तर आम्हांला झोप लागली नसती. लग्नानंतर मी पुण्यात आले तेव्हा सुरुवातीला रात्री नळ थोडा सोडून झोपायची. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा नळ बंद झाला आणि झोपही.

माझी मोठी बहीण, आमची ताई, तिचं लग्न साताऱ्याच्या घरात झालं. भावोजी रत्नागिरीतच बँकेत नोकरीला, त्यामुळे ताईचं बिऱ्हाड आमच्या मागच्याच गल्लीत होतं आणि ती नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागली होती. म्हणजे मुलगी दिली आणि दिलीही नाही, असा सगळा सुखाचा मामला. दिवाळसणाला ताईच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, घाट उतरून आल्या. बुटक्या, ताठ, काठपदर चापूनचोपून, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द आधी पाखडून मग बाहेर काढायचा. जेवता जेवता त्या म्हणाल्या, "संक्रांतीला मात्र सूनबाईला आम्ही नेणार हां. पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आणून ठेवलीय. हलव्याचे दागिने घालायचे म्हणजे हलवा काटेरी पायजे, आणि तुमच्या या हवेत कुठला काटा येतोय?"

आईच्या हातातला भाताचा डाव थांबला. "का नाही येणार? येतो."

"कधी आला होता?"

आता, माझ्या आईने जन्मात हलवा केलेला नव्हता. हलवा घाटावरून दुकानात यायचा आणि दुकानातून आमच्या घरी पोचेतो गोट्यांसारखा गुळगुळीत व्हायचा. पण आई म्हणजे मांडवीची बाई. ती म्हणाली, "दर वर्षी येतो."

"एवढा येतो," अण्णा म्हणाले, "की चप्पल घालून खावा लागतो."

विहीणबाईंनी भातावर वरण ओतून घेतलं, शांतपणे कालवलं. "असं होय. मग संक्रांत इथंच करू की. मी येते बघायला. काटा आला तर सूनबाईचे पहिल्या वर्षाचे सगळे सण रत्नागिरीत. नाही आला तर सगळे साताऱ्याला, आणि सणाला आली की म्हैनाभर तिथंच राहील. कबूल?"

"कबूल!" अण्णा असे गरजले की मांजर माळ्यावर गेलं.

मी ताईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ताकाचं भांडं घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडाचा रंग त्या ताकासारखाच झाला होता. संक्रांत, होळी, पाडवा, मंगळागौर, गणपती, दसरा, आणि दर सणाला महिना महिना. शाळा कुठली तिला ठेवते? आणि भावोजींना बँकेतून रजा कोण देतो? पाहुणे झोपल्यावर ती आई-अण्णांना म्हणाली, "कबूल म्हणायला तुमचं काय गेलं? पणाला मी लागलेय." त्यावर अण्णांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. म्हणजे किती मोठं संकट, ते तुम्हीच समजा.

दुसऱ्या दिवशी मात्र अण्णा नव्या उत्साहाने उठले, कारण त्यांना शब्दाचा वास लागला होता. त्यांच्याकडे एक जाडजूड कोश होता, त्याला पुठ्ठा नव्हता आणि शेवटी 'क्ष' आणि 'ज्ञ' वाळवीने खाल्ले होते, त्यामुळे आमच्या घरात ज्ञान नाही, असा विनोद ते दर पाहुण्याला ऐकवत. तो कोश मांडीवर घेऊन ते ओटीवर बसले आणि शेजारच्या इंदूकाकींसह सगळ्यांना बोलावून म्हणाले, "कुठलंही काम करण्याआधी त्याचा शब्द समजून घ्यावा. आता ही नक्षी. नक्षी शब्द अरबांकडचा. आपल्या बंदरात खजूर घेऊन गलबतं आली, त्यातून उतरला. दारावर ते पितळी फुलाचे खिळे असतात ना, गुलमेखा, तो शब्द इराणी. गुल म्हणजे फूल, मेख म्हणजे खिळा. वर उठून दिसणारं जे जे नटवं काम आहे, त्याचे निम्मे शब्द असे जहाजातून आलेत. पण काटा? काटा आपला! कंटक. संस्कृतातून चालत चालत, पायात रुतत रुतत आलाय."

"मग तो कोकणात यायला काय हरकत आहे?" आईने विचारलं.

"तेच म्हणतोय मी! साताऱ्याला काय त्याने जागा घेतलीय?"

इंदूकाकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. अंगाने भरदार, जिभेने त्याहून. त्या म्हणाल्या, "अहो अण्णानू, ता कंटक राहू दे. फुगडीला बसलेली बाय उठताना जमिनीला हात टेकते ना, तसा साखरेला उठायला कायतरी टेकू लागतो. तो कुठला, ता बघा." हे वाक्य किती खरं होतं ते आम्हांला महिनाभर कळलं नाही. तेव्हा आम्ही फुगडीला हसलो.

डिसेंबर लागला आणि आईने शेगडी मांडली. हलवा करणं हे कामच असं आहे की ज्याला कुणाचा तरी राग आलाय त्याने करू नये. मंद निखारे, त्यावर कल्हईची परात, परातीत साबुदाणा, खसखस, भोपळ्याच्या सोललेल्या बिया. बाजूला साखरेचा पाक, दूध घालून मळी काढलेला, काचेसारखा. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हळूहळू गोल फिरवत राहायचं, तो सुकेपर्यंत. सुकला की पुन्हा चमचाभर. पुन्हा गोल. बोटं भाजतात, पाठ मोडते, आणि दाणा डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका वाढतो. आई फिरवायची, ती दमली की मी, मी दमले की ताई शाळेतून येऊन. घरभर गोड वाफेचा वास. मुंग्या देवरुखहून चालत आल्या.

आणि इथे आम्ही ती चूक केली, जी फक्त समुद्राकाठचीच माणसं करू शकतात. हलव्याला गारवा लागतो, असं सगळे सांगत. आणि मांडवीच्या माणसाला गारवा म्हणजे समुद्राचा वारा, दुसरा वारा त्याला माहीतच नाही. उकडलं, की उघड समुद्राकडची खिडकी. पाहुणे आले, की उघड समुद्राकडची खिडकी. म्हणून आम्ही परात थेट समुद्राकडच्या खिडकीत मांडली आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या. अण्णा तर सुपाने तो वारा आणखी आत लोटत होते. काटा आला नाही, तसं आम्ही शेजारची खिडकीही उघडली. तरी नाही, म्हणून पुढचं दार. शेवटी घर असं उघडं पडलं की बंदरावरून येणारी माणसं आमच्या स्वयंपाकघरात डोकावून, "जमला का?" विचारून जायची. आणि परातीतला हलवा? पांढराशुभ्र, गोलगरगरीत, चकचकीत. होमिओपॅथीच्या डॉक्टरला दाखवला असता तर त्याने त्याच्यावर औषध शिंपडून बाटल्या भरल्या असत्या.

"छान मोत्यासारखा झालाय," अण्णा म्हणाले.

"मोती कुणी मागितलेत?" आई म्हणाली, आणि तिने पहिली परात शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

माझ्याकडे घरात एकच काम असं होतं की ज्यात कुणी ढवळाढवळ करत नसे, ते म्हणजे धुणं वाळत घालणं. दोन दोऱ्या होत्या, एक पुढे समुद्राकडे, एक मागे परसात. एका सकाळी मी पुढच्या दोरीवरची अण्णांची बंडी काढली तर ती चिकट, अंगाला गोंदासारखी चिकटणारी. मागे गेले, तिथली माझी ओढणी कडक, अशी की उभी केली असती तर उभी राहिली असती. तीच रात्र, तेच पाणी, त्याच आईने आपटलेलं. मी तिथेच उभी राहिले. तोंडावर वारा येत होता, पण समुद्राकडून नव्हे, डोंगराकडून, कोरडा, गवताचा वास असलेला. शाळेत भूगोलाच्या बाईंनी घोकून घेतलं होतं: दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. त्यात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते आणि तो वारा कधी असतो, हे मात्र अंगाला आजच लागलं. मी अशी किंचाळले की इंदूकाकी लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं फुरसं निघालं.

आम्ही शेगडी परसात मांडली, उजाडायच्या आधी. समुद्राकडची झाडून सगळी दारं-खिडक्या बंद. आईने पाक सोडला, बोटं फिरवली, आणि तांबडं फुटता फुटता एका दाण्यावर, एकाच, मोजून एकाच दाण्यावर, एक बारीक टोक दिसलं. आम्ही पाचजण त्या दाण्यावर असे वाकलो की डोक्याला डोकी लागली. मग सूर्य वर आला, वाऱ्याने अंग फिरवलं, समुद्राचा ओला हात घरावरून परसात आला आणि ते टोक आमच्या डोळ्यांदेखत बसलं.

"वर न्या," मी म्हणाले.

"काय वर न्या?"

"सगळंच. डोंगरावर, वरच्या सड्यावर. तिथे हा वारा जास्त वेळ असतो."

आई म्हणाली, "नंदू, हलवा करायचाय, सहल नाही." पण ताई तोवर परात पुसायला लागली होती. ती म्हणाली, "आई, मंगळागौर साताऱ्याला करायची का, एवढंच सांग." आई उठली.

मांडवीवरून सड्यावर सामान न्यायला एकच वाहन मिळालं, आमच्या गल्लीतल्या गजाचा टेंपो, जो बाकी वेळ मासळी वाहायचा. गजा म्हणाला, "वैनी, चिंच लावून धुतलाय हां. आता वास येतोय तो टेंपोचा नाय, माझा." आम्ही त्यात शेगडी चढवली, कोळशाचं पोतं, परात, पाकाचं पातेलं, आई, ताई, इंदूकाकी, अण्णा आणि अण्णांचा कोश. कोश कशाला, असं कुणी विचारलं नाही. काळोखात वळणं घेत टेंपो वर चढला. वर गेल्यावर तो उघडा, सपाट, लाल कातळ. आता तिथे कुंपणं, कलमबागा, आणि हॉटेलांच्या पाट्या झाल्यात. तेव्हा नुसतं वाळलेलं गवत आणि वारा. एक जुनी चिरेखाण होती, चिरे काढून झाल्यावर सोडून दिलेली, खोलीसारखी चौकोनी, बाजूंना लाल भिंती. वाऱ्याचा झोत वरून जायचा आणि आत फक्त त्याची कोरडी थंडी उतरायची. देवाने हलव्यासाठीच ती खणून घेतली होती, गवंड्यांना उगाच वाटलं आपण घरासाठी दगड काढतोय.

आईने पाक सोडला. बोटं गोल, गोल. निखाऱ्यांचा बारीक तडतडाट, लांबून कुठे तरी कोंबडा, आणि आयुष्यात प्रथमच मला समुद्राची गाज ऐकू येत नव्हती. पूर्वेकडे उजाडलं. मग आईचं बोट थांबलं. परातीत एका दाण्यावर टोक, दुसऱ्यावर दोन, मग सगळ्या परातीभर, जणू कुणी हाक मारलीय आणि सगळे एकदम उठून उभे राहिलेत! इंदूकाकींचा तो टेकू म्हणजे हा कोरडा वारा. मी नाचले. इंदूकाकी नाचल्या, आणि त्या नाचल्यावर खाणीची एक कड पडली, ही अजिबात थाप नाही. गजा टेंपोचा हॉर्न वाजवत सुटला. ताई रडत होती आणि हसत होती, आणि आई ओरडत होती, "परातीजवळ उड्या नका मारू मेल्यांनो, काटा मोडेल!"

अण्णा मात्र कातळावर बसले होते. कोश मांडीवर तसाच मिटलेला. ते म्हणाले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, त्यामुळे मला आजही आठवतं, "नक्षी काढतात. गुलमेख ठोकतात. बेलबुट्टी भरतात. काटा मात्र येतो. कुणी आणत नाही त्याला. आपण फक्त हात फिरवायचा आणि हवा बरोबर आहे का बघायचं." मग त्यांनी परातीतला एक दाणा तोंडात टाकला, जिभेला टोचला, तसे "आई गं!" म्हणून असे ओरडले की खालच्या बंदरावर कुणीतरी भोंगा समजून घड्याळ लावून घेतलं असेल.

रोज पहाटे आम्ही वर जात राहिलो, दाणा वाढत गेला, काटा वाढत गेला. पण मूठभर हलवा मी हौसेने खाली घरी आणला आणि बशीत ठेवला, तर संध्याकाळपर्यंत तो पुन्हा गुळगुळीत. घट्ट झाकणाच्या डब्यात टिकायचा, डबा उघडला की संपलं. दागिने करायचे म्हणजे दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा धरायचा, तो उघड्यावरच. आणि ताईने ते अंगावर घालून बसायचं, ते काही डब्यात बसून नाही. आईने हिशेब केला आणि ती खाली बसली. "म्हणजे हळदीकुंकूही वरच," ती म्हणाली. "खाणीत. सकाळी. खारा वारा सुटायच्या आत."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी विहीणबाई उतरल्या, भावोजी त्यांना एसटी स्टँडवरून घेऊन आले. हातात पेटी, पेटीत चंद्रकळा. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग, कुठाय हलवा?"

"वर आहे," आई म्हणाली.

"माळ्यावर?"

"सड्यावर. चिरेखाणीत. हळदीकुंकू तिथेच आहे उद्या."

विहीणबाईंनी बशी खाली ठेवली. "खाणीत? माझ्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू खाणीत? साताऱ्याला मी सांगू काय? सुनेला नटवली कुठं, तर खड्ड्यात?"

अण्णा घसा साफ करायला लागले, तेवढ्यात ताई पुढे आली. लग्न झाल्यापासून सासूसमोर ती "हो" आणि "नाही" यांपलीकडे बोलली नव्हती. ती म्हणाली, "सासूबाई, दागिने मी घालणार ते तिथेच. त्यांच्यासाठी आम्ही महिनाभर पहाटे वर जातोय, माझी बोटं बघा. तुम्ही आलात तर तुमच्या हाताने घाला. नाही आलात, तर मी माझी नटेन." आणि तिने हात पुढे केले. बोटांच्या टोकांवर फोड येऊन गेलेले, कातडं पांढरं झालेलं. विहीणबाई त्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग पेटी उचलून म्हणाल्या, "किती वाजता निघायचं?"

संक्रांतीच्या पहाटे त्या टेंपोत पुढे, गजाशेजारी बसल्या, नाकाला रुमाल, पाठ खुंटीसारखी. मागे आम्ही, आणि आमच्या मागे चालत, सायकलींवर, एका बैलगाडीत, निम्मी मांडवी. पुढची निम्मी आधीच वर पोचली होती. खाणीच्या कडांवर बायका अशा दाटीने बसल्या होत्या की नाटकाला आल्यासारखं वाटावं. खाली लाल भिंतींमध्ये पाट मांडला होता, सभोवती रांगोळी. ताई काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसली. डबे उघडले. आधीच्या पहाटांना मी आणि इंदूकाकींनी इथेच ओवून डब्यांत बंद केलेले दागिने बाहेर आले: हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, नथ, डोक्यावरचा मुकुट. लाल कातळात काळी साडी आणि त्यावर ते पांढरेशुभ्र काटे, पहिलं ऊन त्यांच्या टोकाटोकावर बसलेलं. सगळ्या खाणीतून एकदम "अगो बाय!" असा आवाज निघाला. इतकं उठून दिसणारं काही मी त्यानंतर देवळांच्या खांबांवर पाहिलं नाही, म्युझियमच्या काचेतही पाहिलं नाही.

विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी एकेक दागिना स्वतःच्या हाताने ताईला घातला. बांगडी चढवताना थांबल्या, ती उचलून स्वतःच्या गालाला लावली. आईने डोळे मिटून घेतले.

"टोचतोय," विहीणबाई म्हणाल्या. मग मोठ्याने, "बाई बाई, टोचतोय की! आमच्याहून टोचतोय!"

काय गलका झाला! हळदीकुंकू, तीळगूळ, वाण, उखाणे, सगळं एकातएक मिसळलं. अण्णा तर खाणीच्या काठावरून अनोळखी गुराख्याला ओरडून सांगत होते, "आला! काटा आला!" आणि त्याच्या गुरांनी घाबरून काढता पाय घेतला. भावोजींनी मागून आणलेला कॅमेरा काढला, रीळ घालायला लागले, आणि रीळ घालता घालता इंदूकाकींचा पदर एकदम उलट्या बाजूला उडाला.

समुद्राकडून.

आईने पदराकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईच्या बाजूबंदावर हळूच एक ओली चमक आली होती.

"आता काय होणार?" विहीणबाईंनी विचारलं.

"आता थोड्या वेळात," आई खालच्या आवाजात म्हणाली, "नुसता साबुदाणा."

विहीणबाईंनी काठावरच्या बायकांकडे पाहिलं, कॅमेऱ्याशी झटणाऱ्या मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग बघत काय बसलाय? खा की!" आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी वाकून ताईचा बाजूबंद दातांनी तोडला.

पुढचं वर्णन करायला मला चार तोंडं हवीत, आणि तेव्हाही ती चारही भरलेली असती. हार इंदूकाकींनी एका बाजूने धरला, आईने दुसऱ्या. बांगड्या मी आणि गजाच्या बायकोने वाटून घेतल्या. नथ कुणी पळवली ते अजून कळलेलं नाही. कुडुम कुडुम असा आवाज चारी भिंतींवरून परत येत होता. ताईच्या गळ्यात, दंडावर नुसते दोरे लोंबत राहिले आणि ती हसून हसून पाटावर आडवी व्हायची बाकी होती.

हसता हसताच तिने विचारलं, "सासूबाई, मग सण?"

विहीणबाईंच्या तोंडात कंबरपट्टा होता. त्यांनी हाताने खूण केली, थांब. चावून, गिळून झालं. "इथंच की. सगळे इथंच," त्या म्हणाल्या. "मीच येत जाईन. आता खाली वाक जरा, मुकुट राहिलाय, मला पोचत नाही."

ताई उठली, त्यांच्यासमोर गेली आणि कमरेत वाकली. वर काठावर उशिराने पोचलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, बघा कशी सासूच्या पाया पडतेय. आणि खाली विहीणबाई टाचा उंचावून, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून, मुकुटाचं मधलं फूल दातांनी कडकन फोडत होत्या.